मुखाचा जीर्णोद्धार : सुई कीं सुरी?

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यांत कुणकेश्वर हें क्षेत्र आहे. शिवाचें देवालय अगदीं सागरतीरावर उभें असून महाशिवरात्रीच्या जत्रेला दक्षिण कोंकणांतील भाविकांची तेथें दाटी होते. या देवालयानजीक १९२० सालीं एक गुहा उघडकीस आली आणि तींत दगडांत कोरलेलीं स्त्रीपुरुषांचीं मुखें दृष्टीस पडलीं. किती पिढ्या तीं मुखें काळोखांत पडून होतीं. पण त्यांच्या कपाळावर चिंतेची आठी उमटली नाहीं, कीं त्यांच्या गालांचें मांस ओघळलें नाहीं. त्याच किनाऱ्यावर भर उन्हांत मासळी सुकत घालणारी बाई मात्र चाळिशींतच साठीची दिसूं लागते. दगडाचें मुख शिल्पकार एकदां घडवितो आणि मोकळा होतो. माणसाचें मुख ऊन, वारा, हंसें आणि आंसवें हीं रोज थोडेंथोडें घडवीत असतात, आणि रोज थोडेंथोडें मोडीतहि असतात.

देवालय जीर्ण झालें म्हणजे गांवकऱ्यांपुढें दोन मार्ग असतात. भिंतीला चुना फासावा, फटी बुजवाव्या आणि वरवरची डागडुजी करावी, हा एक. ढासळलेले चिरे उतरवून ते पुन्हां मूळच्या जागीं बसवावे, हा दुसरा. मुखाच्या जीर्णोद्धारासंबंधानें आज हेच दोन मार्ग सुशिक्षित घरांतून चर्चिले जातात. एकीकडे लेप, किरण आणि इंजेक्शनाची सुई. दुसरीकडे शस्त्रवैद्याची सुरी. पहिला मार्ग सौम्य आणि दुसरा उग्र, म्हणून भित्र्यानें पहिला धरावा आणि धीटानें दुसरा, अशी सामान्य समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे, याची परीक्षा इतिहासाच्या आधारें करतां येते. आणि त्या इतिहासांतील एक थोर प्रकरण आपल्या पुण्यांत घडलें आहे.

प्राचीन भारतीय वैद्यकानें दोन्ही मार्ग ओळखले होते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त मुखलेपाचें प्रकरण आहे. दोष हरण करणारा, विष हरण करणारा आणि वर्ण उजळविणारा असे लेपाचे तीन प्रकार सांगून, लेप किती जाड असावा याचेंहि माप त्यानें दिलें आहे. लेप वाळल्यावर तो मुखावर तसाच ठेवूं नये, त्यानें कांति बिघडते, असा इशाराहि तो देतो. सौम्य उपचारालाहि मर्यादा असते, हें त्या आचार्याला पुरतें ठाऊक होतें. दुसऱ्या मार्गाचें वर्णन सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत आहे. तुटलेली कानाची पाळी सांधण्याच्या निरनिराळ्या रीती सांगितल्यावर संहिताकार कापलेल्या नाकाकडे वळतो. झाडाचें पान घेऊन नाकाच्या जागेचें माप घ्यावें. त्या मापाचें कातडें गालावरून सोडवावें, पण एका बाजूला जोडलेलें राखावें. तें नाकाच्या जागीं सांधावें आणि श्वासासाठीं दोन नळ्या बसवाव्या, असा तो विधि आहे. येथें एक बारकावा ध्यानीं धरण्याजोगा आहे. शस्त्र हातीं घेण्यापूर्वीं पान हातीं घ्यावयाचें, म्हणजे कापण्यापूर्वीं मोजावयाचें, हा या विद्येचा पहिला पाठ होय.

हा पाठ ग्रंथांतच राहिला नाहीं. १७९२ सालीं टिपू सुलतानाशीं इंग्रजांचें युद्ध चालू होतें. इंग्रजी फौजेंत बैल हांकणारा एक मराठा कुणबी टिपूच्या सैनिकांच्या हातीं लागला. इंग्रजी वृत्तांतांत त्याचें नांव ‘कावसजी’ असें पडलें आहे. शिपायांनीं त्याचें नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलें. त्या काळीं नाक कापणें ही नुसती जखम नव्हती. ती चारचौघांतील अब्रूच कापण्याची शिक्षा होती, आणि गेलेल्या हातापेक्षां गेलेलें नाकच माणसाला अधिक एकाकी करीत असे. सुमारें एक वर्ष तो गृहस्थ तसाच वावरला. पुढें पुण्याजवळील एका कारागिरानें त्याला नवें नाक करून दिलें. हा कारागीर वीट भाजणाऱ्या, म्हणजे कुंभार जातीचा होता. त्याचें नांव कोणी टिपून ठेवलें नाहीं, ही इतिहासाची मोठीच कृपणता म्हणावी लागेल.

मुंबई इलाख्यांतील क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनीं ती शस्त्रक्रिया डोळ्यांनीं पाहिली. कुंभारानें प्रथम मेणाचा एक पातळ पत्रा घेऊन तो नाकाच्या थोटकावर बसविला आणि त्याला चांगल्या नाकाचा आकार दिला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेनें रेघ ओढली. त्या रेघेवरून कपाळाचें कातडें सोडवून दोन डोळ्यांमधील एक लहानशी पट्टी मात्र जोडलेली ठेवली, कारण त्या पट्टींतूनच नव्या नाकाला रक्त मिळावयाचें होतें. कातडें खालीं वळवून योग्य जागीं बसविलें आणि पाण्यांत कालविलेल्या काताच्या चिंध्यांनीं तें चिकटवून धरलें. चार दिवसांनीं त्या चिंध्या काढून तुपांत भिजविलेल्या घड्या घातल्या. दहाव्या दिवशीं नाकपुड्या उघड्या राहाव्या म्हणून मऊ कापडाच्या वाती बसविल्या, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती जोडपट्टी कापून टाकली. भुलीचें औषध त्या काळीं नव्हतेंच. रोग्यानें हें सारें शुद्धीवर राहून सोसलें.

चित्रकार जेम्स वेल्स यानें या माणसाचें चित्र काढलें आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकानें १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत ही हकीकत चित्रासह छापली. ती वाचून युरोपांतील शस्त्रवैद्य चकित झाले. त्यांच्याकडे इटलींतील ताल्याकोत्सी या पंडितानें १५९७ सालीं दंडाच्या कातड्याचें नाक करण्याची रीत लिहून ठेवली होती. परंतु तींत हात कित्येक दिवस डोक्याशीं बांधून ठेवावा लागे, आणि ती पुढें मागें पडली होती. ज्यांना सुरी नको असे, त्यांना कृत्रिम नाकाचा आश्रय घ्यावा लागे. प्रसिद्ध ज्योतिषी ट्यूको ब्राहे याचें नाक १५६६ सालीं द्वंद्वयुद्धांत कापलें गेलें. त्यानें जन्मभर धातूचें नाक लावलें. तें सोन्यारुप्याचें होतें अशी आख्यायिका होती. २०१० सालीं त्याची कबर उघडली तेव्हां तें पितळेचें असल्याचें सिद्ध झालें.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू यानें पुण्याची रीत अभ्यासिली आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं एका लष्करी अधिकाऱ्यावर ती प्रथम अजमावली. १८१६ सालीं त्याचें पुस्तक निघालें आणि ‘हिंदी पद्धत’ या नांवानें कुंभाराची विद्या युरोपभर पसरली. १८४६ सालीं ईथरची भूल आली. १८६७ सालीं लिस्टरची जंतुनाशक पद्धत प्रसिद्ध झाली. वेदना आणि पू हे शस्त्रक्रियेचे दोन शत्रु आटोक्यांत येतांच, जीव वांचविण्यासाठींच नव्हे, तर रूप सुधारण्यासाठींहि सुरी चालविण्याचा धीर शस्त्रवैद्यांना झाला.

याच सुमारास सौम्य मार्गानेंहि आपली करामत दाखवावयास आरंभ केला. व्हिएन्ना येथील गेर्झुनी या शस्त्रवैद्यानें १८९९ सालीं व्हॅसलिन सुईवाटें शरीरांत घालून उणीव भरून काढण्याचा प्रयोग केला. लवकरच पातळ केलेलें पॅराफिन, म्हणजे मेणच, नाकाच्या खांचेंत आणि गालाच्या सुरकुत्यांखालीं टोंचलें जाऊं लागलें. ना कापणें, ना शिवणें. घटकाभरांत चेहरा गुळगुळीत! परंतु शरीरानें हें परकें द्रव्य आपलें मानलें नाहीं. कोठें त्याच्या भोंवतीं कठीण गांठी झाल्या, कोठें तें जागा सोडून खालीं उतरलें, तर कोठें कातडेंच सडलें. पुढें मार्लबरोची डचेस झालेली ग्लॅडिस डीकन ही विख्यात सुंदरी या मेणापायीं आपलें रूप गमावून बसली. पुण्याच्या कुंभारानें मेण मापासाठीं वापरलें आणि काम होतांच बाजूला ठेवलें; युरोपीय सुईनें तेंच मेण शरीराच्या आंत नेलें आणि तें परत काढतां येईना. सौम्य दिसणारा उपाय निरुपद्रवी असतोच असें नाहीं, हा धडा तेव्हांच मिळाला.

चेहरा ताणून घेण्याची शस्त्रक्रिया मुळांत रोग्यांनींच मागून घेतली. १९०१ च्या सुमारास एका उमराव घराण्यांतील स्त्रीनें बर्लिनच्या होलेंडर या शस्त्रवैद्याकडे, आपल्या कानांलगतचें कातडें कापून गाल वर ओढून द्यावे, असा आग्रह धरला, आणि त्यानें तो मानला. ही हौसच होती असें म्हणतां येईल. परंतु पॅरिसमधील डॉ. सुझान नोएल या बाईंनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या विषयाची निराळीच बाजू मांडली. पोटासाठीं काम करणाऱ्या स्त्रियांना वय दिसूं लागलें म्हणजे नोकरी मिळत नसे किंवा असलेली टिकत नसे. अशा स्त्रियांना ही शस्त्रक्रिया चैन नसून उपजीविकेचें साधन होतें. सुरकुतीची लाज बाळगणाऱ्या स्त्रीस हंसावें, कीं सुरकुती पाहून तिला कामावरून दूर करणाऱ्या मालकास हंसावें, हा प्रश्न त्या ग्रंथानें समाजापुढें ठेवला, आणि तो अद्याप सुटलेला नाहीं.

पहिल्या महायुद्धानें तर दोन्ही मार्ग एकाच तराजूंत घातले. खंदकांतील लढाईंत हजारों तरुणांचे चेहरे छिन्नभिन्न झाले. पॅरिसमध्यें ॲना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकार स्त्रीनें त्यांच्यासाठीं तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे घडविले आणि ते त्वचेच्या रंगाशीं तंतोतंत जुळवून रंगविले. सुरीचा स्पर्श न होतां माणूस रस्त्यांतून चालूं शके. पण मुखवटा हंसत नसे, जेवत नसे आणि माणसाबरोबर म्हातारा होत नसे. इंग्लंडमध्यें सिडकप येथें १९१७ सालीं उघडलेल्या रुग्णालयांत हॅरॉल्ड गिलीज यानें दुसरा मार्ग धरला. एकेका सैनिकावर अनेक शस्त्रक्रिया करून त्याच्याच कातडीमांसाचा चेहरा त्यानें परत उभा केला. पांच हजारांहून अधिक सैनिकांवर तेथें उपचार झाले.

याच गिलीजच्या हाताखालीं शिकलेले डॉ. नोशीर अँटिया पुढें स्वदेशीं परतले आणि पुण्याजवळील कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयांत कामास लागले. पुण्याहून लंडनला गेलेली विद्या अशा रीतीनें दीडशें वर्षांनीं पुण्यास परत आली. कुष्ठरोगांत नाक बसतें, भुंवया झडतात, आणि रोग ओसरल्यावर सुजलेली त्वचा सैल पडून पंचविशींतला तरुण सत्तरीचा दिसूं लागतो. औषधानें रोग बरा झाला तरी तें मुख पाहून गांव त्याला आंत घेत नाहीं. अशा माणसांना नाक उभारून देणें, भुंवई लावून देणें आणि सैल चेहरा ताणून देणें, हीं कामें शस्त्रवैद्यांनीं केलीं. श्रीमंतांची चैन म्हणून जी शस्त्रक्रिया हिणविली जाते, तिनेंच बहिष्कृत माणसाला घराच्या उंबऱ्याच्या आंत घेतलें. अँटियांनीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत ही विद्या पुढील पिढीस शिकविली. आणि नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. बालकृष्णन् यांनीं १९५८ सालीं या शाखेचा स्वतंत्र विभाग सुरू केला.

चेहरा म्हातारा होतो म्हणजे नेमकें काय होतें, याचें ज्ञान मात्र सावकाश आलें. पूर्वीं शस्त्रवैद्य नुसतें कातडें ताणून शिवीत. तें कांहीं काळानें पुन्हां सैल पडे, आणि अति ताणल्यास मुख मुखवट्यासारखें दिसे. त्वचा, तिच्याखालीं चरबी आणि त्याखालीं मुखाच्या स्नायूंशीं जोडलेला एक चिवट पडदा, अशी रचना असते. १९७६ सालीं मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच वैद्यांनीं त्या पडद्याचें सविस्तर वर्णन केलें. ओघळतो तो मुख्यतः हा पडदा आणि त्यावरील चरबी. म्हणून ताण कातड्याला न देतां त्याला द्यावा, असें तेव्हांपासून ठरलें. उलट उन्हानें जें बिघडतें तें त्वचेचें अंग. सूर्याच्या अतिनील किरणांनीं त्वचेंतील बळकट तंतु तुटतात, बारीक सुरकुत्या पडतात आणि काळे डाग उमटतात. कुणकेश्वरच्या किनाऱ्यावरील बाईचें मुख अकालीं वृद्ध दिसतें तें विशेषतः या दुसऱ्या कारणानें.

या भेदामुळें सुईचा आणि किरणांचा मार्गहि पुढें शास्त्रशुद्ध झाला. नासलेल्या मांसान्नांत होणारें बोटुलिनम हें जहाल विष अत्यल्प मात्रेंत टोंचलें तर स्नायु कांहीं काळ शिथिल होतो. अमेरिकेंतील डॉ. ॲलन स्कॉट यांनीं त्याचा उपयोग तिरळ्या डोळ्यासाठीं केला. कॅनडांतील कॅरथर्स दांपत्यानें १९९२ सालीं भुंवयांमधील आठ्यांसाठीं केला. आणि २००२ सालीं अमेरिकन सरकारच्या औषध खात्यानें त्यास संमति दिली. त्याचा परिणाम सुमारें तीनचार महिने टिकतो. खोल गेलेला गाल भरण्यासाठीं हायलुरोनिक आम्लाचें लुकण वापरतात. त्यास फिलर म्हणतात. तें सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत टिकतें, आणि बिघडल्यास औषध टोंचून विरघळवितां येतें. मेणापेक्षां हा मोठाच लाभ. तथापि तेंच लुकण चुकून रक्तवाहिनींत गेलें तर त्वचा मरते, क्वचित् दृष्टीहि जाते. म्हणून सौंदर्यगृहांतील अर्धवट शिकलेल्या हातीं ही सुई देणें धोक्याचें आहे.

किरणांच्या बाबतींत महाराष्ट्राचा संबंध पुन्हां येतो. बारामतीस १९३८ सालीं जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले कुमार पटेल यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६४ सालीं कर्बद्विप्राणिद वायूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, लेसर शोधून काढला. त्वचेचा वरचा थर मापानें उडवून खालून नवी त्वचा येऊं देण्याच्या उपचारांत हाच लेसर पुढें मोठ्या प्रमाणावर कामीं आला. सुरीच्या विद्येंत पुण्याचा कुंभार आणि किरणांच्या विद्येंत बारामतीचा संशोधक, असे दोन्ही मार्गांवर मराठी मुलखाचे पाय उमटलेले आहेत. मात्र सांवळ्या त्वचेवर तीव्र किरणांनीं काळे डाग पडण्याची भीति अधिक असते, म्हणून युरोपीय त्वचेचें माप आपल्या त्वचेला जसेंच्या तसें लावतां येत नाहीं.

आतां निवड कशी करावी? बारीक सुरकुत्या, डाग आणि खडबडीतपणा हे त्वचेचे दोष आहेत. तेथें ऊन टाळणें, डॉक्टरी मलमें आणि किरण हेंच योग्य. आठ्या पडतात त्या स्नायूंच्या ओढीनें. तेथें सुई कामाची. गाल पोकळ झाला असेल तर तो भरतां येतो. परंतु जबड्याच्या कडेवर मांस ओघळलें असेल आणि मानेची कातडी लोंबत असेल, तर तें सुईनें वर उचललें जात नाहीं. फिलरवर फिलर घालून तें भरूं पाहिल्यास मुख टवटवीत न होतां फुगीर होतें. तेथें सुरी हाच उपाय, किंवा वयाचा समाधानानें स्वीकार हा उपाय. उलटपक्षीं, सुरीनें त्वचेचे डाग जात नाहींत आणि बारीक सुरकुत्याहि पुऱ्या पुसल्या जात नाहींत.

खर्चाचा हिशेबहि असाच नीट मांडावा. सुईचा एक खर्च लहान दिसतो. पण तो वर्षांतून तीनतीनदां, अनेक वर्षें करावा लागतो. सुरीचा खर्च एकदम मोठा. भूल, टांके, दोनतीन आठवड्यांची सूज आणि कानापाशीं राहणारा व्रण हीं सोसावीं लागतात. पण लाभ बहुधा कित्येक वर्षें टिकतो. रक्त सांठणें, क्वचित् मुखाच्या मज्जातंतूस इजा होणें, हे तिचे धोके आहेत. रक्तदाब वाढलेला असणाऱ्यांना आणि तंबाखू ओढणाऱ्यांना ते अधिक. आणि कोणताहि उपाय काळाला थांबवीत नाहीं. देवालयाचा जीर्णोद्धार झाला तरी समुद्राचा खारा वारा वाहतच राहतो.

या साऱ्या इतिहासाचें सार एका वाक्यांत सांगावयाचें तर असें कीं, हत्यार आधीं निवडूं नये; उणीव आधीं मोजावी. व्हिएन्नाच्या सुईला कोठें भरावें तें कळलें होतें, पण काय भरावें हें तिनें तपासलें नाहीं. म्हणून ती फसली. गिलीजनें प्रत्येक मुखांतील गेलेला थर कोणता तें आधीं ओळखलें, म्हणून त्याची सुरी यशस्वी झाली. आणि मोजावयाची गोष्ट केवळ गालावरची नसते. हा पालट कोणाला हवा आहे, त्या व्यक्तीला स्वतःला, कीं तिच्या नवऱ्याला, मालकाला किंवा शेजारणीला, याचेंहि माप घेतलें पाहिजे. कावसजीला नाक हवें होतें तें माणसांत परत येण्यासाठीं. कोंढव्याच्या रोग्याला मुख हवें होतें तें घरीं परतण्यासाठीं. जिला आपल्या मुखांत असें कांहींच हरवलेलें वाटत नाहीं, तिच्या सुरकुत्या दुसऱ्या कोणी मोजण्याचें कारण नाहीं.

पुण्याच्या त्या निनांवी कुंभारानें सुरी उचलण्यापूर्वीं मेणाचा पत्रा उचलला. आज ज्या घरांत हा प्रश्न उभा राहील, त्या घरानेंहि सुई कीं सुरी हें विचारण्यापूर्वीं तसाच एक पत्रा हातीं घ्यावा, म्हणजे अर्धें उत्तर तेथेंच मिळेल.